चमचा आणि चिलापी

लोक मला म्हणतात, "केवढा संयम हो तुमच्यात!" कसला संयम नि काय! माझं डोकं तापायला काडीही लागत नाही. तरी पिंपळीहून रोज बारामतीला येऊन मी गतिमंद मुलामुलींना सांभाळते. मुलंमुली म्हणायचं, पण वयं वीस-तीसची.

त्यांत पळसदेवची एक होती, सव्वीस वर्षांची. बोलत नाही, पण समोरच्याचं सगळं कळतं. आई वारली आणि भावानं तिला आमच्या केंद्रात आणून ठेवलं. तो उजनी धरणाच्या पाण्यात मासे धरतो, वहिनी ते इंदापूरला नेऊन विकते. घरात दोन लहान पोरं. वहिनीनं मला तोंडावर सांगितलं, "ताई, तिची ती जेवाय लागली तर घरी नेते. पोरास्नी भरवून हिलाबी भरवायचं मला न्हाय जमायचं. मग पुण्याच्या संस्थेत कायमचं ठेवावं लागंल."

राग आला मला. पण खोटं कशाला बोलू, तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

मग मी हट्टालाच पेटले. वर्षभर तिला चमच्यानं वरणभात खायला शिकवलं. सांडलं की माझा आवाज चढायचा, मग ती चमचा भिरकावायची आणि आमचं जुंपायचं. पण शिकली हो पोरगी! मी केंद्रभर मिरवून घेतलं.

एका सुट्टीला तिला घेऊन पळसदेवला गेले. वहिनीनं चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी केली होती. ताट समोर आलं तेव्हा कुठं मला उमगलं. कोळ्याघरची पोर, आणि मी शहाणी तिला वर्षभर वरणभात शिकवत बसले! आमच्या केंद्रात मासा शिजतच नाही, काट्याची मलाच भीती. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनी समोर बसून बघत होती. आता पुणंच, असं मी मनात धरलं.

मी तिच्या हातात चमचा दिला. तिनं तो बाजूला सारला आणि मासा हातात घेतला. "अगं काटा! घशात अडकंल!" म्हणून मी मनगट धरलं, तर तिनं माझा हात झटकला. दोन बोटांनी तुकडा दाबला, मधला काटा अख्खा उचलून काढला. बारीक काटे बोटानं चाचपून ताटाच्या कडेला लावले.

वहिनी बघतच राहिली. "सासूबाई हिला घेऊन चुलीपाशी पाठमोऱ्या जेवायच्या," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्याच भरवत्यात."

सोडवलेला तो तुकडा पोरीनं स्वतः खाल्ला नाही. माझ्या ताटात ठेवला आणि 'खा' म्हणून माझ्या तोंडाकडं बोट केलं. वर्षभर मी तिच्यावर ओरडले होते हो. मी निमूट खाल्ला. एक काटा लागला नाही.

वहिनीनं धाकट्याला उचलून तिच्या शेजारी बसवलं. "ह्याचाबी सोडव गं," म्हणाली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "ताई, हिचं सामान आणाय उद्याच येऊ का?"

तोंडात घास होता. मी रडतच मान हलवली.