सोयाबीनच्या शेतात झालेला नमुना पाठ

अकोल्याला गाडी बदलून जऊळक्याला उतरले, तेव्हा फलाटावर माझ्यासह चार-पाचच माणसं होती. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर वाळलेलं सोयाबीन. हवेत त्याची धूळ होती. मला लगेच शिंका सुरू झाल्या. नाशिकहून मी आले होते ती शिरपूर जैनच्या रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात, प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांची कार्यशाळा घ्यायला. मी स्वतः आता वर्गावर जात नाही. कसं शिकवावं हे इतरांना सांगत फिरते.

न्यायला भूगोलाच्या संगीता मॅडम स्कूटर घेऊन आल्या होत्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. वाटेतल्या चहापर्यंत मी त्यांना अगं-तुगं करू लागले. ती तासिका तत्त्वावर होती, म्हणजे नेमणूक कायम नाही, तास मिळतील तेवढंच काम.

"मॅडम, तुमच्या कार्यशाळेत नमुना पाठ आहे ना, त्यावर माझं ठरणार आहे," ती म्हणाली. "दिवाळीनंतर तिसऱ्या वर्षाचा वर्ग मला, की आमच्याच विभागातल्या राऊत सरांना. या पोरांना पहिल्या वर्षापासून मीच शिकवलं. शेवटचं सत्रही माझ्याच हातून व्हावं, एवढंच वाटतं."

मी "बघू" म्हटलं. असं काही ऐकलं की मी "बघू"च म्हणते.

महाविद्यालय स्वच्छ, झाडं नीट राखलेली, आणि वर्ग रिकामे. माझी अट होती की नमुना पाठ खऱ्या विद्यार्थ्यांसमोरच व्हायला हवा. ती मी नाशिकला बसून कळवली होती.

"विद्यार्थी कुठे आहेत?" मी मुख्य लिपिक वानखडे भाऊंना विचारलं.

"सोंगणी (कापणी) चालू हाय ना मॅडम! पोट्टे सारे वावरात. कॉलेज खाली (रिकामं) राह्यते म्हनूनच तर शिबिर आता ठेवलं."

महिना मी निवडला नव्हता, पण अट माझी होती. तोडगा म्हणून प्राचार्यांनी ठरवलं की दुसऱ्या दिवशी दुपारी सहकाऱ्यांनाच विद्यार्थी समजून पाठ घ्यायचे. राऊत सर तयार झाले. संगीता म्हणाली, "सर, मी उद्या सकाळी जाऊन पोरांना घेऊन येते." प्राचार्य हसले. "आणा. आले तर."

सकाळी मीही तिच्या मागे स्कूटरवर बसले. तिसऱ्या वर्षाची सात-आठ मुलं-मुली एकाच शेतात होती. शेत त्यांच्यातल्याच पूजाचं. धुऱ्यावर (बांधावर) स्कूटर लागली तशी पूजाची आई उभी राहिली.

"कॉलेजात कायले नेता मॅडम आता? आभाळ येऊन राह्यलं. आज नाही सोंगलं तर शेंगा तडकतीन अन् दाने मातीत जातीन."

"काकू, एक तासच."

"तासच पाह्यजे ना? मंग इथंच घ्या. पन हात चालू ठेवा!"

सगळे हसले. संगीताने ओढणी कमरेला बांधली, काकूंच्या हातातला जादा इळा (विळा) घेतला आणि मुलांच्या ओळीत शिरली. मला वाटलं, गंमत करतेय. पण कापता कापता तिने सुरुवात केली होती.

"सुमीत, तुमची हीर (विहीर) मार्चमधी आटते अन् धुऱ्यापल्याडची मे लोक (मेपर्यंत) चालते. काहून?"

"त्यायची खोल हाय."

"दोन्ही सारख्याच खोल हाय. मोजल्या म्या."

"नशीब हाय मंग!"

"परीक्षेत लिहून ये. नापास करतो तुले."

बोलता बोलता ती खडकाकडे आली, काळ्या दगडाच्या थरांकडे, त्यांतल्या भेगांकडे, पाणी कुठून वाट काढतं तिथे. मुलं कापत होती आणि आपसात भांडत होती. एकाचं उत्तर दुसरा तोडत होता. मीही विळा घेतला. माझी ओळ सगळ्यांच्या मागे राहिली आणि शेंगांच्या टोकांनी बोटं सोलली. पण कान पुढे होते. मधे एकदा मला बोलायचं होतं, एक प्रश्न अगदी ओठांवर आला. मी तो गिळला. वर्ग तिचा होता.

पूजा मागे वळून माझ्या ओळीतलं कापू लागली. "मॅडम, तुमी इकडं आल्या, तं तुमच्या पोरायले कोन शिकवून राह्यलं?"

"मला वर्ग नाही गं."

"मंग तुमी मॅडम कायच्या?"

"पूजे!" काकू ओरडल्या. मी हसले, आणि पुढची दोन रोपं मुळासकट उपटली.

जेवायला ज्वारीची भाकर, चून (आपलं पिठलं) आणि ठेचा. कॉलेजला यायला पोरं उठली नाहीत. संगीतानेही पुन्हा चला म्हटलं नाही.

दुपारी सभागृहात राऊत सरांचा पाठ झाला. पाठ चांगलाच होता. वानखडे भाऊ मागच्या बाकावरचा वात्रट विद्यार्थी झाले आणि सभागृह खूश झालं. शेवटी संगीताचं नाव पुकारलं. तिने उभं राहून सांगितलं, "माझा पाठ सकाळी झाला."

मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्ही म्हणता तर झालाच असेल पाठ," ते म्हणाले. "पण राऊतांचा सगळ्यांनी पाहिला. तुम्ही उद्या जाल मॅडम. मला इथे सगळ्यांना उत्तर द्यायचंय." तिसरं वर्ष राऊत सरांकडे गेलं. संगीताला पहिलं वर्ष.

निघताना स्टेशनवर तिने माझी बॅग खाली ठेवली. "पहिल्या वर्षाकडे जाताना या पोरांच्या वर्गावरूनच मला पुढे जावं लागणार," ती म्हणाली. "दार उघडंच असतं." एवढ्यात गाडी आली. मी बॅग उचलून डब्यात चढले.

नाशिकला माझं कार्यालय एका महाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावर आहे; परत कामावर गेले तेव्हा तिथे पहिला तास सुरू झाला होता. जिना चढताना एका वर्गातून हजेरी ऐकू आली. शिकवणारा नवा असावा, नावं अडखळत घेत होता. एका नावाला कोणीच ओ दिली नाही. त्याने ते पुन्हा घेतलं, वाट पाहिली आणि पुढे गेला. दिवाळीनंतर अशाच एका दाराशी संगीताची चाल मंदावेल, आणि आतल्या प्रत्येक आवाजामागचा चेहरा तिला माहीत असेल. मला एकही आवाज ओळखीचा नव्हता. तरी शेवटचं नाव होईपर्यंत मी जिन्यावर उभी राहिले.