मळखाऊ

एसटी सुटायला दहा मिनिटं होती आणि माझी लेक सई खिडकीखाली उभी राहून एकच विचारत होती, "कधी नेणार?" "शाळा सुरू व्हायच्या आत," मी म्हटलं. नवऱ्याचं घर सोडून वर्ष झालं होतं. देवगडला आईकडे हाताला काम नव्हतं, आणि परळच्या एका वर्कशॉपमध्ये शिवणाऱ्या बायका घेतायत असा मावशीचा लालबागहून निरोप आला होता. नोकरी मिळाली तर सईला आणायची, नाही तर मीच परत जायचं, एवढा साधा हिशेब. आईच्या सूचना बस हलेपर्यंत चालू होत्या. "कपडो घेतलंस तर मळखाऊ घे गो. मुंबैत पाण्याचो काय भरवसो!"

आमच्याकडे कापड घ्यायची ही एकच कसोटी. चॉकलेटी, गडद निळं, बारीक बुट्ट्यांचं. डाग पडला तरी दिसता कामा नये. पांढरं फक्त शाळेच्या गणवेशापुरतं.

वर्कशॉप नीलाताईंचं. तिथे गोधड्या मशीनवर होतात, पण सरळ रेषेत नाही. कापड पुढे ढकलणारे मशीनचे दाते खाली पाडायचे आणि दोन्ही हातांनी कापड आपणच फिरवायचं. हात नेईल तिथे टाका पडतो, वेल म्हणा, पान म्हणा. याला त्या फ्री मोशन म्हणतात. अर्धा तास दाखवून त्या म्हणाल्या, "कापड, आतला कापूस, दोरा, सुई, सगळं तू निवड. हातभर तुकडा करून सोमवारी आण. मग ठरवू." पंधरा वर्षं ब्लाउज शिवलेली बाई मी. मनात म्हटलं, हातभर तुकड्याचं काय एवढं!

हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन चॉकलेटी बुट्ट्यांचं सुती कापड घेतलं आणि त्यालाच मिळता दोरा. मावशीच्या जुन्या मशीनचे दाते खाली जाईनात, तेव्हा बँकेच्या बाद झालेल्या कार्डाला सुईपुरतं भोक पाडून ते दात्यांवर चिकटवलं. तुकडा बघून मावशी खूश. "बरां घेतलंस. वर्सभर धुवूक नको!"

सईशी रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे. मजेत आहे, मावशीची खोली मोठी आहे, काम जवळजवळ मिळालंच. तीही म्हणायची, मजेत आहे. दोन मिनिटांत बोलणं संपायचं.

सोमवारी नीलाताईंनी तुकडा खिडकीशी नेला, चष्मा लावला, उलटासुलटा केला. "अगं, टाके कुठे आहेत?"

"आहेत ना, ताई. मॅचिंग दोरा आहे."

"तेच म्हणतेय. लपवलंयस छान. मला तुझा हात बघायचाय. पांढरं मांजरपाट घे, लाल दोरा घे, उद्या अकराला ये. या जागेसाठी अजून दोघी थांबल्यात, मला उद्याच सांगायचंय त्यांना."

मला असा राग आला! चूक दिसू न देणं हीच तर आम्हाला शिकवलेली हुशारी. तणतणत दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या काकांनी पांढऱ्या कापडाशेजारी लाल रीळ ठेवलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, मॅच नाही होत हे."

"मॅच नकोच आहे."

"मग इथे कशाला आलात?"

चौदा नंबरच्या सुया घेतल्या, लाल रीळ घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, पांढरंही एक घेतलं.

मंगळवारी सकाळी सहाला मशीनवर बसले. पहिल्याच वळणावर दोरा तुटला, पुढे सुई. हात थबकला की टाक्यांचा गोळा, घाई झाली की लांबलचक टाका, आणि सगळं लालभडक. मावशी चहा घेऊन आली आणि कपाळाला हात लावला. "ह्यां काय गो? सगळांच दिसता!" साडेनऊला पांढरं रीळ काढून मशीनवर चढवलं. पांढऱ्यावर पांढरं, कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण मग ताई पुन्हा विचारणार, टाके कुठे आहेत, आणि तिसरी संधी नव्हती. रीळ उतरवलं आणि लाल दोराच पुढे चालवला.

नीलाताईंनी त्या तुकड्यावरून सावकाश बोट फिरवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. "इथे घाबरलीस. इथे चिडलीस. इथून पुढे मात्र हात सुटलाय." तुकडा माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "एक तारखेपासून ये."

त्या संध्याकाळी सईला फोन केला. आनंदाची बातमी आधी सांगायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं. काम आत्ता कुठे मिळालंय, खोली लहान आहे, आल्यापासून मी रोज न्हाणीत जाऊन रडते. मला वाटलं, घाबरवलं पोरीला. मग ती हळूच म्हणाली, "मी पण रडते. माडाखाली जाऊन. आजीला नको सांगू."

त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. गावाहून इथे आलेल्या, आणि मागे राहिलेल्याही बायका मला विचारतात, आता घर कुठलं, देवगड की लालबाग? मला पत्ता सांगता येत नाही, एवढंच सांगता येतं. सई जूनमध्ये आली. मावशीच्या त्या लहान खोलीत पहिल्याच दिवशी ती सगळ्यांसमोर मोठ्याने रडली, आणि मी तिला गप्प केलं नाही.