कोबाल्टचा जुना आकडा

परवा पेटी आवरताना माझं बी.एस्सी.चं भौतिकशास्त्राचं जर्नल हाती लागलं. खाकी कव्हराला अजून खळीचा वास येत होता. तो नाकात जाताच डोकं तापलं.

ऐंशीच्या आसपासची, भंडाऱ्याच्या कॉलेजातली दुपार. कोबाल्टची बटणाएवढी चकती किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरपुढे ठेवून मी टिकटिक मोजत होते. आमच्याकडे रीत अशी, की आधी सीनियरचं जर्नल आणायचं आणि मग प्रयोग करायचा. मी पाच वेळा मोजलं. दर वेळी माझा आकडा त्या जर्नलातल्या आकड्याच्या जेमतेम चौथाई.

सरांनी त्यावर लाल काट मारली. "साऱ्यायचं बरोबर आलं, तुझंच काहून नाही आलं?"

"सर, चकतीच्या डबीवर दहा वर्षांआधीची तारीख आहे. कोबाल्टचा जोर पाचेक वर्षांत निम्मा होते. जर्नलातला आकडा चकती नवी होती तेव्हाचा आहे. तेव्हापासून कोणी मोजलंच नाही!"

"मले शिकवून राहिली? सही पाहिजे का नाही?"

शिपाईकाका हळूच म्हणाले, "लिहून टाक ना बाई, सारेच लिहितेत."

मी जर्नलातला आकडा लिहिला. सही मिळाली.

इतकी वर्षं मी सरांच्याच नावानं बोटं मोडत आले. परवा मात्र त्या खोट्या आकड्यापुढे पेन्सिलीची बारीक टिक दिसली, उतरवून झाल्यावर करतात तशी. पुढच्या वर्षी सिहोऱ्याची एक मुलगी जर्नल मागायला आली होती. मी त्या आकड्याबद्दल एक शब्दही न बोलता ते तिच्या हातात दिलं होतं.