राणीसाहेबांची ओटी

दुपारची जेवणं झालीत. उद्या राणीसाहेबांची पुण्यतिथी. स्मारकातल्या त्यांच्या पुतळ्याची ओटी दरवर्षी आमचं महिला मंडळ भरतं आणि मंडळाची अध्यक्ष मी. म्हणून ताट भरून उशाशी ठेवते. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. मग जरा आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी ताट उचलतं.

"कोण गं?"

"मीच, विमे," तानूआत्या म्हणते. आत्या मागच्या दिवाळीत गेली.

ताट घेऊन ती पुढे, मी मागे. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की स्मारकाच्या पायऱ्या लागतात. पायऱ्यांवर आमचीच भांडी पालथी घातलीत. वर राणीसाहेब बसल्यात. पुण्यतिथीसाठी पुतळा रंगवलाय आणि रंगाऱ्यानं यंदाही कपाळावर ठसठशीत कुंकू काढलंय.

"नवरा गेल्यावरच गादीवर बसली ना ही?" आत्या विचारते.

"हो. तेवीस वर्षं राज्य केलं."

"मग हिला कुंकू कसं?"

"रंगाऱ्याला मेल्याला काय कळतंय."

"तुला तर कळतंय."

माझ्याच्यानं वर बघवत नाही. मागच्या पुण्यतिथीला याच पायरीवर मी तिच्या हातातून ताट काढून घेतलं होतं. "आत्या, तू नको, सवाष्ण भरेल," म्हणाले होते, सगळ्या बायकांदेखत. दोन वर्षांचा संसार आटोपून पांढऱ्या कपाळानं माहेरी आलेली ही बाई. माझी आई गेल्यावर हिनंच मला न्हाऊमाखू घातलं. ती चपला घालून घरी गेली. माफी मागायची, मागायची म्हणत मी राहिले. जळो ते अध्यक्षपण.

"यंदा तरी भरू दे," हळकुंड उचलत आत्या म्हणते. "एवढंच मागते बघ."

मला 'भर' म्हणायचंय. तोंडही उघडतं. पण पायऱ्यांवर आता मंडळाच्या बायका बसल्यात, माझ्याकडे बघतायत, आणि माझा हात आपोआप पुढे जातो.

"अगं, नको ना," आत्या हळूच म्हणते.

जाग येते. पंखा फिरतोय. ताट उशाशी जागच्या जागी आहे, खणाची घडी मोडलेली नाही. हळकुंड तेवढं दिसत नाही. शोधते, तर ते माझ्या मुठीत. तळहात पिवळा झालाय, नखं रुतलीत.

झोपेतसुद्धा मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.