‘जातो’ म्हणणारी पोरगी

फोन आला तेव्हा मधली सुट्टी होती आणि मी शिक्षकखोलीत डबा उघडून बसले होते. सदलग्याच्या काकांचा, मावशीच्या यजमानांचा नंबर. काका दुपारी कधी फोन करत नाहीत, त्या वेळी ते रानात असतात. मी “बोला काका” म्हटलं. ते म्हणाले, “सुनंदा, अक्की गेली.” आणि मी, सतरा वर्षं मराठी शिकवणारी बाई, काय विचारावं? “कुठं गेली?” काका परत म्हणाले, “गेली गं. मुंबईत. ताप व्हता, रक्तातल्या पेशी उतरल्या म्हणत्यात... तू मावशीकडं ये आधी.” मी डबा झाकला, पिशवीत ठेवला, हेडबाईंना सांगून बाहेर पडले. बेळगावहून निघाले ते संकेश्वर मागं पडेपर्यंत मला रडू आलं नव्हतं. बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईच्या मोबाइलवर अक्कीची मालिका चालू होती आणि ती त्यात हसत होती, तेव्हा आलं.

तुम्ही तिला अक्षता म्हणून ओळखत होता. संध्याकाळच्या मालिकेतली धाकटी नणंद, गालावर तीळ असलेली. आमच्यात ती अक्की. कन्नडमध्ये अक्की म्हणजे तांदूळ आणि अक्षता म्हणजे तरी दुसरं काय? तिच्या आजीला मराठी फारसं यायचं नाही, तिनं बारशातच नावाचं भाषांतर करून टाकलं. ती माझ्या मावशीची मुलगी, माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटी. ती मला आक्का म्हणायची. घरात कुणी लांबून हाक मारली की आम्ही दोघी ओ द्यायचो, आणि काम असेल तर दोघी गप्प बसायचो. सव्वीस वर्षांची होती. हे वाक्य लिहून मी मघाशी पेन खाली ठेवलं होतं.

जाण्याआधी पाच दिवस तिचा फोन आला होता. “आक्का, मी बरी आहे. जरासा ताप आहे, गोळी घेतली आहे. दोन दिवसांचं चित्रीकरण संपलं की विश्रांती घेणार आहे. तू काळजी करू नकोस.” किती स्वच्छ बोलली! एकही ‘हाय’ नाही, एकही ‘न्हाय’ नाही. मला तेव्हा, देवा, मला तेव्हा त्या बोलण्याचं कौतुक वाटलं. तिनं “आक्का, लई अंग दुखालंय गं” असं म्हटलं असतं तर मी उभ्या पायानं मुंबई गाठली असती. पण अक्कीला खोटं बोलायचं असलं की शुद्ध भाषा लागायची, आणि ती तिला मीच शिकवली होती. ताप तिनं अंगावर काढला. मालिकेचे भाग पुढं द्यायचे होते, सेटवर थांबा म्हणणारं कुणी नव्हतं, आणि थांबते म्हणण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

सदलग्यात मावशीच्या घरची शेती आहे, ऊस आहे. आमची घरं जैन. पर्युषणात बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पोरांची छोटी नाटकं व्हायची आणि अक्की पाच वर्षांची असल्यापासून त्यात उभी राहायची. एकदा तिला झाडाचं काम दिलं होतं. नाटक संपलं, सगळी पोरं खाऊ घ्यायला पळाली आणि ही हात पसरून तशीच उभी. काका म्हणाले, “चल की गं,” तर म्हणाली, “झाड चालतं व्हय?” आजीशी कन्नड, आईशी मराठी, शाळा कन्नडची. दोन्ही भाषा तिच्या तोंडात एकाच ताटातल्या भाकरी-आमटीसारख्या होत्या. बारावीनंतर ती बेळगावला माझ्याकडं राहायला आली. खडेबाजारात तिला घेऊन जायची मला धास्ती. मराठी दुकानदाराशी कन्नडमध्ये घासाघीस करायची, कन्नड दुकानदाराशी मराठीत, आणि तो माणूस गोंधळला की माझ्या कुशीत तोंड खुपसून हसायची. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हे मात्र तिनं कधी मोडलं नाही. पुढं सेटवरही साडेपाचला ताट घेऊन बसायची. बाकीचे चेष्टा करायचे, तिला फरक पडत नव्हता. हट्टी होती. चुकलं तर ‘चुकलं’ म्हणायची नाही, गपचूप माझ्या साड्यांना इस्त्री करून ठेवायची.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या भागात बाई माणूससुद्धा ‘मी जातो’, ‘मी करतो’, ‘मी आलतो’ म्हणते. माझी आई म्हणायची, मावशी म्हणते, मीही म्हणत होते. बी.एड.ला पुण्यात गेले, पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, “मी सांगतो सर.” साठ जणांचा वर्ग हसला. सरही हसले. “बसा सांगतो,” म्हणाले. वर्षभर माझं नाव ‘सांगतो’च होतं. त्या दिवसापासून मी माझी जीभ अशी घासली की आज झोपेत उठवलं तरी ‘जाते’च म्हणेन. अक्की नाटकात जाणार म्हणाली तेव्हा मी मनाशी ठरवलं, हिला कुणी हसता कामा नये. ती कणीक मळायला बसली की मी समोर बसायची. म्हण, मी जाते. मी येते. मी आले होते. ती म्हणायची, “आक्का, आमची आय जन्मभर ‘जातो’ म्हणाली, तिचं काय अडलं? तुझ्या पुस्तकाला आमच्यातल्या बायका ठावं न्हाईत, त्येला मी काय करू?” मी म्हणायची, “पुस्तकाला नसू दे, पुण्याला ठाऊक नाहीत. म्हण.” एकदा ती चिडून म्हणाली, “तुला माझी लाज वाटती.” मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. लाज वाटत होती म्हणूनच हात उठला, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तीन वर्षांत तिची बोली गेली. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांत बक्षिसं आली, मग मुंबई, मग नकार, आणखी नकार, मग ती मालिका. एका समारंभात कुणीतरी तिला विचारलं, “तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?” तिनं हे मला फोनवर सांगितलं आणि मी शाळेत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगताही येईना.

गेल्या हिवाळ्यात रोहित नावाचा एक दिग्दर्शक तिला भेटला. निपाणीकडचाच, तिशीतला. त्याला आपल्या भागातल्या एका तंबाखू वखारीतल्या मुलीवर छोटासा सिनेमा करायचा होता, इथल्याच बोलीत. तिला घेतलं ते ती इथली म्हणून. आणि पहिल्या वाचनाला अक्कीला ‘जातो’ म्हणता येईना. रात्र बघितली नाही की दिवस, लगेच मला फोन. “आक्का, येईना गं. तोंडातनं निघतंय पण नकली वाटतंय. मालिकेत गावाकडच्या बाया बोलतात ना, तसं.” मी म्हटलं, “मावशीकडं जा. तिला कुणी सुधारलेलं नाही.”

मालिकेतून सुट्टी मागून घेऊन महिनाभर ती सदलग्याला राहिली. सकाळी मावशी चुलीपुढं, ही शेजारी कागद घेऊन. मावशीला वाचता येतं ते कन्नड, म्हणून अक्की वाक्य वाचून दाखवायची आणि मावशी तेच आपल्या तोंडानं म्हणायची. मग ही परत. मावशी फार कडक मास्तरीण निघाली. “असं न्हवं गं, पावणी आल्यागत बोलू नकोस. घरातली हाईस न्हवं?” मी एका रविवारी गेले होते तर मला दारातच थांबवलं, “तू आत येऊ नकोस, पोरीचं परत बिघडंल.” सगळे हसलो. पण मी खरंच पायरीवर बसून राहिले. आतून दोघींचे आवाज येत होते, आणि हळूहळू मला कुठला कुणाचा ते कळेनासं झालं. महिन्याअखेरीस मावशीला अख्खा सिनेमा पाठ झाला होता.

चित्रीकरण झालं. राहिलं होतं ते डबिंग. सेटवर आवाज घेतलेला असतो, पण तो कच्चा. रस्त्याकडेचा गाव, उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ, निम्म्या वाक्यांवर धडधड. म्हणून कलाकारानं नंतर बंद खोलीत बसून, पडद्यावर आपले ओठ बघत, सगळं परत म्हणायचं असतं. अक्कीची तारीख ठरलेली होती. ती तारीख ती गेल्यानंतर नऊ दिवसांनी आली.

सुतक सरल्यावर रोहित सदलग्याच्या घरी आला. चहा घेतला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, फोनवर तुमचा आणि तिचा आवाज ओळखायला मी दोनदा चुकलोय. दुसरी कुणी मुलगी घेतली तर पुण्यामुंबईची मिळणार. ती ‘जातो’ म्हणेल, पण... तुम्ही कराल का तिचं डबिंग?” मी नाही म्हटलं तर अक्कीचा चेहरा आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा. ज्या बोलण्यासाठी ती महिनाभर चुलीपुढं धुरात बसली, ते जाणार. मी म्हटलं, मी करते.

पुण्यात स्टुडिओत मला भिंतींना गादी लावलेल्या एका खोलीत उभं केलं. समोर अक्की, गोणपाटावर बसून तंबाखूच्या शिरा काढत असलेली. कानात तिचा कच्चा आवाज, तो ऐकायचा आणि त्याच्यामागून म्हणायचं. पहिलंच वाक्य होतं, “मालक, मी उद्यापास्नं येत न्हाय. घरातच बसतो.” सोपं. मी म्हटलं, “घरातच बसते.” परत. “बसते.” परत घेतलं, या वेळी ‘बसतो’ आलं, पण असं आलं की मालिकेतली मोलकरीण. रोहित काचेपलीकडून म्हणाला, “मॅडम, घाई नाही, पाणी घ्या.” पंधरा-वीस वेळा झालं असेल. एकविसाव्या वर्षापर्यंत मी हेच बोलत होते! माझ्या आईची भाषा. माझी जीभ त्या शब्दाशी यायची आणि अडायची. मी रडत होते आणि रडतानाही शुद्ध रडत होते, “मला जमत नाही, मला माफ करा” असं.

रोहितनं तुकडा थांबवायला जरा उशीर केला आणि कानात पुढचं वाजलं. तिकडं कुणीतरी ‘कट’ म्हणालं. ट्रॅक्टर गेला. मग अक्की, कामातली नाही, आमची अक्की, दम खात हसली आणि रोहितला म्हणाली, “आलं का रं बरोबर? आक्काला सांगू नकोस हं. तिनं लई कष्टानं माझं तोंड सुधारलंय. तिला वाईट वाटंल.”

मी कानावरचं काढून ठेवलं. बाहेर येऊन रोहितला म्हटलं, “माझा आवाज नको आणि दुसरीचाही नको. तिचाच ठेव.” तो म्हणाला, “मॅडम, निम्म्या ठिकाणी काही ऐकूच येत नाही. लोक म्हणतील सिनेमा बिघडलाय.” मी म्हटलं, “बिघडू दे. मी एक पोरगी सुधारून बघितलीय.” पैसे लावणारे दुसरे लोक होते, त्याच्या हातात सगळं नव्हतं, हे मलाही समजत होतं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. जिथं तिचा आवाज निभावतोय तिथं तोच राहील, ट्रॅक्टरसकट. जिथं अजिबात निभावत नाही तिथं तिचे फक्त ओठ हलतील, आवाज नसेल, खाली अक्षरं येतील.

गेल्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन सदलग्याला आला. सकाळची वेळ, सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, ऊन आलं होतं. काका खुर्चीवर, मावशी जमिनीवर भिंतीला टेकून. तिनं महिनाभर मालिकेतलं, फोनमधलं काहीही बघायला नकार दिला होता. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, मध्येमध्ये आवाज नाही मावशी, यंत्राचा दोष समजू नकोस. ती फक्त “बरं” म्हणाली. सिनेमा सुरू झाला. अक्की बोलायला लागली तसा काकांनी पंचा तोंडाला लावला. मावशी सरळ बघत होती. मग तो प्रसंग आला, मुलगी वखारीकडं निघालीय, उंबऱ्यात चप्पल घालतेय, मागं वळून आईला काहीतरी म्हणतेय. बाहेर ट्रॅक्टर होता, म्हणून इथं आवाज काढून टाकलेला. नुसते ओठ. खाली अक्षरं आली, ती मावशीला वाचता येत नव्हती.

तिला वाचायची गरज नव्हती. अक्कीचे ओठ हलले त्या क्षणाला, एक अक्षर मागं नाही की पुढं नाही, मावशी म्हणाली, “आये, मी येतो.” पडद्यावरच्या आईनं मान वर केली नाही, तसंच लिहिलेलं होतं. अक्की उंबरा उतरली. मावशीनं जरा वाट बघितली, आणि मग म्हणाली, “ये बाळा.”