घाटाच्या पायरीवरचं आलवण

द्वारकाआत्या गेल्याची बातमी मला शाळेत मुलींना शिकवताना कळली, आणि ती सांगायला आल्या आमच्या शेजारच्या अनसूयाकाकू. ज्या बाईने तीन उन्हाळे रोज सकाळी आत्याचं तोंड पाहून "आलं मेलं आडवं" म्हणत पाठ फिरवली, तीच वर्गाच्या दारात पदराने डोळे पुसत म्हणाली, "चल गो, आत्या गेल्या तुझ्या." मला रडू यायच्या आधी राग आला. महिना उलटून गेला, तो राग काही उतरलेला नाही. उतरावा अशी इच्छाही नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, केस उतरवलेली, जन्मभर तांबड्या आलवणात गुंडाळलेली. आमच्या रत्नागिरीच्या घरी सोवळ्याचं पाणी तिच्याकडे असे. पहाटे नदीवर जायचं, ओलेत्याने कळशी भरून आणायची, वाटेत कुणी शिवलं की पुन्हा पहिल्यापासून. मग नदीच्या वरच्या अंगाला म्युनिसिपालिटीच्या एका मेंबरांनी चाळ बांधली आणि तिच्या संडासांची मोरी थेट नदीत सोडली. पावसाळ्यात सगळं समुद्राकडे वाहून जाई. माघ-फाल्गुनात मात्र नदी आटून घाटापुढे नुसता डोह उरतो... त्या डोहात काय साचतंय ते नाक सांगत होतं. तरी आळीतल्या बायका त्यातच कळशा बुडवत होत्या, तेच पाणी पोरांना पाजत होत्या आणि त्याच पाण्याने देवाला अंघोळ घालत होत्या!

आत्याने आधी सरळ सांगून पाहिलं. "भरू नका गो हे पाणी, वरून मैला येतोय." उत्तर मिळालं, "वाहत्या पाण्याला कसला विटाळ?" पाणी बाटायचं ते फक्त माणसाच्या स्पर्शाने, मैल्याने बाटत नव्हतं. मी मेंबरांकडे अर्ज घेऊन गेले. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या मुलींना पाढे शिकवा." पाखाडी चढून वर गेलं की सार्वजनिक विहीर होती, पाणी नितळ, पण भरली कळशी घेऊन तेवढ्या पायऱ्या उतरायच्या कुणी?

त्याच फाल्गुनात अनसूयाकाकूंची नात हगवणीने गेली. मनू तिचं नाव; नुकती कुठे चालायला लागली होती. आणि आळीत काय बोललं गेलं? नदीचं नाव कुणी काढलं नाही. आदल्या दिवशी आत्याने त्या पोरीला कडेवर घेतलं होतं, म्हणून म्हणे... मला ते आजही पुरतं लिहवत नाही. मी भांडायला निघाले, तर आत्याने हात धरून बसवलं. मग म्हणाली, "माझ्या तोंडात एवढी ताकद आहे होय? मग बघत्येच."

दुसऱ्या दिवशी ती घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, अगदी मधोमध, जाऊन बसली. रिकामी कळशी घेऊन निघालेल्या सवाष्णीला विधवा सामोरी आली की ती पुढे पाऊल टाकत नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. एकेक बाई यायची, तांबडं आलवण पाहायची, बोटं मोडायची आणि मागे फिरायची. पाण्यावाचून घर कसं चालणार? मुकाट पाखाडी चढायची. पाऊस लागेपर्यंत आत्या रोज तिथे बसली, आणि पुढची दोन वर्षंही.

मला हे मुळीच पटलं नव्हतं. मीही विधवाच, पण केस ठेवलेली, आलवण जन्मात नेसणार नाही म्हणून वडिलांशी भांडलेली. "त्यांच्या खुळाला तूच खतपाणी घालत्येस," असं मी तिला ताडकन म्हटलं. ती हसली. "अगो, अपमान काय नवा आहे? जन्मभर फुकट चाललाय. आता जरा कामाला लावत्ये त्याला."

त्या उन्हाळ्यात आळीतलं आणखी एकही पोर दगावलं नाही. श्रेय कुणाला? हेदवीच्या गणपतीला बोललेल्या नवसाला! सगळ्याजणी नवस फेडून आल्या. आत्याच्या हातावर कुणी प्रसादाचा कणसुद्धा ठेवला नाही.

यंदा माघाच्या थंडीत पायरीवर बसून तिची छाती भरली, ती सुटलीच नाही. समाचाराला मेंबरही आले. म्हणाले, "पुण्यवान बाई. नदीकाठी जप करता करता देह झिजवलान." जप! त्यांची मोरी अजून तशीच वाहते आहे. आणि आत्याचं तेरावं होताच आळीतल्या कळशा पुन्हा घाटाकडे वळल्या. वाट मोकळी झाली ना...

तिचं आलवण मी धुऊन वलणीवर टाकलं होतं. कुणाला द्यावं, की जाळावं, सुचत नव्हतं. परवा पहाटे ते खाली ओढलं, माझ्या पांढऱ्या लुगड्यावरून अंगभर गुंडाळून घेतलं, डोक्यावरून नीट पुढे ओढलं आणि घाटाच्या त्या पायरीवर जाऊन बसले. लाज वाटली, संताप आला, पण उठले नाही. पहिल्या आल्या त्या अनसूयाकाकूच. त्यांच्या सुनेला आता मुलगा झालाय. त्याच्यासाठी पाणी न्यायला आल्या होत्या. मला पाहून थबकल्या. आलवणाकडे बघत राहिल्या. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून वळल्या आणि पाखाडी चढू लागल्या.

खुशाल शिव्या द्या, काकू. कळशी तेवढी विहिरीवर भरा.