धुरा सोडून आत

दुसरबीडला जालन्याची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतः चढवली. आईनं खिडकीखालून जय भीम केला. बाबा एवढंच म्हणाले, "दोन वर्षं देतो तुले. नाई जमलं तं वापस ये. वावर हाये." मी सतरा वर्षांचा होतो. गोव्याच्या एका फुटबॉल क्लबच्या चाचणीत, निव्वळ पळण्याच्या जोरावर, डाव्या विंगला माझी निवड झाली होती. वापस यायचं नाही, हे मी जालना यायच्या आत ठरवून टाकलं.

तिथला कोच इटलीचा. तोही विंगरच, बारा वर्षं तिकडच्या लहानमोठ्या संघांत कडेनं पळला आणि गुडघे गेले तसा शिकवायला लागला. त्याच्या देशात कोचला मिस्टर म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. माणूस तापट, पण मनात ठेवणारा नव्हता.

त्याला माझं एक कोडं होतं. मी कडेची रेघ धरून सुसाट जायचो, पण आत वळायचोच नाही. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. शेवटी त्यानं मला शेजारी बसवून कारण विचारलं, आणि सांगता सांगता ते मलाच कळलं. आमच्याकडे दोन वावरांमधला बांध म्हणजे धुरा. चालायचं ते धुऱ्यावरून, पिकात पाय टाकायचा नाही. लहानपणी एकदा शेजाऱ्याच्या सोयाबीनमधून आडवा आलो, तर बाबांनी आठवडाभर बोलणं टाकलं होतं. हिरवं मैदान दिसलं की माझे पाय आपोआप कडेला जायचे.

मिस्टर हसला नाही. आपण स्वतः आत यायला शिकलो तेव्हा गुडघे संपत आले होते, असं म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून सरावात मला रेघेजवळ फिरकायची बंदी झाली.

दोन वर्षं भरत आली. करार वाढणार की नाही, ते हंगामाच्या शेवटच्या सामन्यावर होतं. दोनदा आत शिरलो, दोनदा चेंडू घालवला, आणि त्यातून आमच्यावर गोल झाला. आता बाहेर काढतील म्हणून बाकाकडे पाहिलं, तर मिस्टर दोन्ही हातांनी आतच जायला सांगत होता. तिसऱ्यांदा दोघांच्या मधून घुसलो आणि गोल मारला. सामना बरोबरीत सुटला, करार वाढला.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "मंग वावराचं काय करू?"

"बटईनं देऊन टाका, बाबा."

बाबा म्हणाले, "देतो." फोन ठेवून मी खूप रडलो.

पुढे नऊ वर्षं खेळलो. आता मडगावात मुलींच्या संघाचा कोच आहे. कोंकणीत भांडतो, पुण्याच्या पाहुण्यांसमोर मुद्दाम वऱ्हाडी बोलतो. गाव सोडल्याचा पस्तावा नाही. जिद्दीनं सुटलो, याचा तोराच होता.

गेल्या उन्हाळ्यात बाबांसोबत वावरात गेलो. आमची जमीन अर्ध्या वाट्यानं कसणारा नवा बटईदार मला ओळखत नव्हता. त्यानं विचारलं, "पाव्हणे कुठचे?" प्रश्न चुकीचा नव्हता.

"पाव्हणा कायचा?" बाबा म्हणाले. "पोरगं हाये माह्यं. मीच जाऊ देलं त्याले."

गाव सोडलेल्या माझ्या सोबत्यांनो, आपण गेलो असं आपण म्हणतो. मला कुणीतरी जाऊ दिलं होतं. ज्यानं जाऊ दिलं तो जिथे उभा आहे, ते माझं घर.